सरकारी वेतन आणि गुलामांची साक्ष

राजाश्रय आणि वाङ्मय यांच्या संबंधाचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा एकाच आख्यायिकेनें वादाचा निकाल लावण्यांत येतो. शिवाजीमहाराजांनीं पाठविलेला नजराणा तुकोबांनीं परत केला. तेव्हां खरा कवि राजद्वारीं जात नाहीं, आणि जो जातो तो खरा कवि नव्हे! या निकालांत सोय पुष्कळ आहे, विचार मात्र थोडा आहे. तुकोबांस जें परत करतां आलें तें आधीं कोणीतरी त्यांना देऊं केलें होतें, ही गोष्ट आपण विसरतों. ज्याच्याकडे नजराणा कधीं आलाच नाहीं, ज्याचा शब्द दरबारापर्यंतच काय पण शेजारच्या आळीपर्यंतहि पोंचला नाहीं, अशा माणसाच्या बाबतींत राजाश्रयाचा प्रश्न कसा मांडावयाचा, याचें उत्तर या आख्यायिकेंत सांपडत नाहीं.

हा प्रश्न माझ्या मनांत नव्यानें उभा राहिला तो अमेरिकेंतील एका सरकारी योजनेनें निर्माण केलेलें वाङ्मय वाचीत असतां. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ च्या मार्चमध्यें फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदावर आले तेव्हां त्या धनाढ्य देशांतील दर चार कामकऱ्यांपैकीं जवळजवळ एकजण बेकार होता. बँका बुडाल्या होत्या, कारखान्यांचीं धुरांडीं थंड पडलीं होतीं, आणि पुढील दोनतीन वर्षांत मध्यभागांतील शेतांची माती वाऱ्यावर उडून हजारों कुटुंबें देशोधडीला लागलीं. या आपत्तीस तोंड देण्यासाठीं रूझवेल्टांच्या सरकारनें जे अनेक उपक्रम हातीं घेतले, त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे १९३५ सालीं स्थापन झालेलें ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ हें खातें. १९४३ सालीं तें बंद होईपर्यंत सुमारें पंचाऐंशी लक्ष माणसांना त्यानें केव्हांना केव्हां काम दिलें. रस्ते, पूल, शाळा, विमानतळ यांच्या बरोबरीनेंच या खात्यानें चित्रकार, वादक, नट आणि लेखक यांनाहि कामावर घेतलें, हें त्याचें वैशिष्ट्य. खात्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांना कोणी या उधळपट्टीचा जाब विचारला असतां, कलावंतांनाहि इतरांप्रमाणेंच पोट असतें अशा अर्थाचें रोखठोक उत्तर त्यांनीं दिलें होतें.

आपल्याकडे दुष्काळी काम म्हटलें कीं खडी फोडणें आणि तळ्यांतील गाळ काढणें हेंच डोळ्यांपुढें येतें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग आणि त्या ढिगांशीं बसलेलीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं, त्यांना तर दुसरें कांहीं आठवणेंच अशक्य आहे. उपाशी लेखकाला हातोडा न देतां कागद द्यावा, आणि तो देतांना भीक घातल्याचा आव न आणतां आठवड्याचा पगार द्यावा, ही कल्पना म्हणूनच आपल्याला थोडी चमत्कारिक वाटते. ती तेथेंहि पुष्कळांना चमत्कारिकच वाटली होती.

‘फेडरल रायटर्स प्रॉजेक्ट’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या लेखक-योजनेंत शिरण्याची मुख्य अट वाङ्मयीन नव्हती. ती दारिद्र्याची होती. थोड्या अधिकाऱ्यांचा अपवाद सोडला तर प्रत्येकाला आपण निर्धन असून साहाय्यास पात्र आहों असें सिद्ध करावें लागे. योजना भरांत असतांना साडेसहा हजारांहून अधिक माणसें तिच्या पगारपटावर होतीं. नोकरी गेलेले शिक्षक, बातमीदार, वकील, ग्रंथपाल, कारकून असा तो सारा मेळा होता. ज्यांना काटेकोरपणें लेखक म्हणतां येईल अशीं माणसें त्यांत फारच थोडीं. परंतु त्या थोड्यांत रिचर्ड राइट होते, राल्फ एलिसन होते, झोरा नील हर्स्टन होत्या, आणि पुढें १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे सॉल बेलोहि होते. दारिद्र्याच्या चाळणीनें इतकें सत्त्व गोळा करावें आणि आपल्या परीक्षक-मंडळांच्या चाळणींतून बहुधा कोंडाच खालीं पडावा, याचें कारण शोधण्याच्या भरीस मी पडत नाहीं.

योजनेवर त्या काळीं दोन आक्षेप घेण्यांत आले. एक आळशांना पोसण्याचा, आणि दुसरा प्रचाराचा. पहिल्याचें उत्तर ग्रंथांच्या राशीनें दिलें. दुसरा अधिक गंभीर होता, पण ज्यांनीं तो घेतला त्यांनींच त्याचें हसें करून टाकलें. १९३८ सालीं कांग्रेसच्या एका समितीपुढें या कला-योजनांतील साम्यवाद्यांची चौकशी सुरू झाली. नाट्य-योजनेच्या संचालिका हॅली फ्लॅनगन यांनीं आपल्या एका लेखांत ख्रिस्तोफर मार्लोचा उल्लेख केला होता. हा मार्लो साम्यवादी आहे काय, असें समितीच्या एका सभासदानें त्यांना विचारलें! ‘डॉक्टर फॉस्टस’चा कर्ता १५९३ सालींच निवर्तला असल्याचें बाईंना सांगावें लागलें. हा प्रसंग विनोदी खरा. पण त्याचा परिणाम विनोदी झाला नाहीं. १९३९ च्या जूनअखेर नाट्य-योजना कायमची बंद करण्यांत आली, आणि लेखक-योजना निरनिराळ्या राज्यांच्या हवालीं होऊन चारपांच वर्षांत विझून गेली.

या इतिहासावरून बहुतेक टीकाकार एक ठराविक सिद्धान्त काढतात. सरकार पैसा देतें, म्हणून लेखक मिंधा होतो. किंवा लेखक मिंधा होत नाहीं, म्हणून सरकार पैसा बंद करतें. कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी दोष लेखक आणि सरकार या दोघांपैकीं एकाच्या पदरांत पडतो. या दोघांच्या भांडणांत जो तिसरा माणूस उभा होता, ज्याच्याबद्दल लिहिलें जात होतें, त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. माझ्या मतें या योजनेच्या वाङ्मयाचें खरें मर्म या तिसऱ्या माणसाशींच आहे.

तत्पूर्वीं योजनेच्या मुख्य ग्रंथांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. सरकारनें आपल्या लेखकांकडून कविता मागितली नाहीं, कादंबरी मागितली नाहीं. मागितली ती माहिती. स्वतःच्या कविता आणि कथा त्यांनीं फावल्या वेळांत लिहाव्या. अशा फावल्या वेळच्या लेखनाचा ‘अमेरिकन स्टफ’ नांवाचा एक संग्रह १९३७ सालीं निघालाहि. पगाराच्या वेळांत मात्र त्यांनीं आपापल्या राज्याचा प्रवासमार्गदर्शक तयार करावयाचा. अठ्ठेचाळीस राज्यांचे असे अठ्ठेचाळीस ग्रंथ झाले, शिवाय शहरांचे आणि प्रदेशांचे निराळे. यांतला राज्यांच्या मालेंतील पहिला, आयडाहो राज्याचा, १९३७ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. त्याचा बराच मोठा भाग व्हार्डिस फिशर या कादंबरीकारानें एकट्यानें लिहिला होता. राजधानीचा ग्रंथ हजाराहून अधिक पृष्ठांचा झाला. तो हातांत घेऊन शहर पाहत फिरण्यापेक्षां शहर न पाहिलेलें बरें, असें एखाद्या प्रवाशाला वाटल्यास नवल नाहीं.

या ग्रंथांच्या आरंभीं इतिहास, उद्योग, शिक्षण, कला इत्यादि विषयांवर निबंध असतात. ते बहुधा निर्जीव आहेत. वॉशिंग्टनच्या कार्यालयांतून होणाऱ्या दुरुस्त्यांनीं त्यांच्यांतील कंगोरे घासून टाकले आहेत, आणि समितीनें लिहिलेल्या गद्याला जी एक सपाट चव येते ती त्यांना आली आहे. परंतु ग्रंथाच्या उत्तरार्धांत लेखक एकदां हमरस्त्याला लागला आणि मैलामैलावर काय दिसतें तें सांगूं लागला, कीं त्याच लेखणींत जीव येतो. येथें ओस पडलेली खाण, तेथें विस्मृत झालेल्या संपाची जागा, पलीकडे कोण्या विक्षिप्ताची कबर. जें इतिहासाच्या प्रकरणांत बसत नाहीं तें रस्त्याच्या कडेला आपोआप बसतें. जॉन स्टाइनबेक यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत या मालेची मनापासून स्तुति केली आहे, ती मला या भागापुरती पूर्णपणें पटते.

आपल्याकडे याची तुलना करावयाची झाल्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कॅम्बेलसाहेबांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांशींच करावी लागेल. त्या खंडांतील श्रम आणि सामग्री यांविषयीं दुमत नाहीं. आजहि एखाद्या गांवाचा पूर्वेतिहास शोधतांना त्यांचीच धूळ झाडावी लागते. पण ते खंड ज्याच्यासाठीं लिहिले गेले तो वाचक घोड्यावरून फिरतीवर जाणारा अंमलदार होता. त्यांत जातींचीं वर्णनें आहेत, त्यांच्या संवयी आहेत, गुणदोष आहेत. पण वर्णिलेला माणूस त्यांत तोंड उघडून फारसा बोलत नाहीं. अमेरिकन माला ज्या प्रवाशासाठीं होती तो निदान त्या मुलुखाचा नागरिक होता. एवढ्या फरकानेंहि लेखनाचा सूर बदलतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्रंथांत १९२७ सालीं विजेच्या खुर्चीवर देहदंड झालेल्या सॅको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन मजुरांच्या खटल्याला बोस्टनच्या सुप्रसिद्ध चहाच्या बंडापेक्षां अधिक ओळी दिल्या गेल्या, म्हणून त्या राज्यांत केवढा गहजब उडाला! गॅझेटियरांतील ओळी मोजून कोणी असा गहजब केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे येतों. १९३६ ते १९३८ या काळांत या योजनेच्या सेवकांनीं सतरा राज्यांत फिरून, जे एके काळीं स्वतः गुलाम होते अशा २,३०० हून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी लिहून घेतल्या. गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८६५ सालीं. म्हणजे पंच्याऐंशी वर्षांचा वृद्ध त्या वेळीं बारातेरा वर्षांचा मुलगा असावयाचा. हीं माणसें आणखी दहा वर्षांनीं भेटलीं नसतीं. १९४१ सालीं हे कागद कांग्रेसच्या ग्रंथालयांत सतरा खंडांत बांधून ठेवण्यांत आले. १९४५ सालीं बेंजामिन बॉटकिन यांनीं त्यांतून एक निवड प्रसिद्ध केली. पण समग्र कथनें छापून बाहेर पडावयास १९७२ साल उजाडावें लागलें.

ज्या काळीं इतिहास म्हणजे धन्याच्या वाड्यांत सांपडलेले हिशेब आणि पत्रें, अशी विद्वानांची समजूत होती, त्या काळीं एका सरकारी खात्यानें गुलामाला साक्षीला बोलावलें ही गोष्ट लहान नव्हे. फ्रेडरिक डग्लस यांनीं स्वतःच्या गुलामगिरीची कहाणी १८४५ सालीं स्वतःच्या हातानें लिहिली होती, आणि तशीं आणखीहि पुस्तकें आहेत. परंतु तीं निसटलेल्यांचीं, अक्षर शिकलेल्यांचीं, असामान्यांचीं पुस्तकें. येथें जे बोलतात ते शेतांत राबले, स्वयंपाकघरांत वाढले, मुक्त झाल्यावर पुन्हां त्याच धन्याच्या जमिनीवर बटाईनें राहिले, आणि म्हातारपणीं एका खोलीच्या झोंपडींत दिवस मोजीत बसले. असामान्यांच्या आत्मचरित्रांनीं आपल्याला गुलामगिरीचा निषेध शिकविला. या सामान्यांच्या कथनांतून गुलामगिरींत सकाळीं न्याहारीला काय असे, मुलांच्या पायांत काय असे, आणि मीठ कोणाच्या हातीं असे, हें कळतें.

पण येथेंच वाचकाची खरी परीक्षा सुरू होते. हीं कथनें वाचावयास घेतलीं कीं पहिल्याच शेंपन्नास पानांत एक विलक्षण अनुभव येतो. पुष्कळ वृद्ध जुन्या धन्याविषयीं गोड बोलतात. त्या वेळीं पोटभर खावयास मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, आतां कोण विचारतो, असा सूर वारंवार लागतो. गुलामगिरीचें समर्थन करूं पाहणाऱ्यांना या सुराचा मोठा आधार वाटला आहे. त्यांनीं दोन गोष्टी लक्षांत घेतल्या नाहींत. पहिली म्हणजे हे शब्द १८५७ चे नसून १९३७ चे आहेत. मंदीच्या त्या वर्षांत दक्षिणेंतील कृष्णवर्णीय वृद्धाच्या घरांत चूल पेटण्याची पंचाईत होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यानें वार्धक्याच्या विम्यांतून शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना वगळलें होतें, आणि दक्षिणेंतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचीं हींच दोन कामें होतीं. भुकेल्या माणसाला बालपणींचें जेवण आठवतें. त्या जेवणाची किंमत काय पडली होती हें तो प्रत्येक वेळीं उच्चारीलच असें नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रश्न विचारावयास दारांत कोण उभें होतें? योजनेचे बहुसंख्य मुलाखतकार गोरे होते. त्यांतील कांहीं तर जुन्या जमीनदार घराण्यांचेच वंशज होते. कृष्णवर्णीय माणसानें गोऱ्याच्या तोंडावर उलट बोललें तर त्याचा जीव जाऊं शकेल, अशा मुलुखांत आणि अशा काळांत हे प्रश्न विचारले जात होते. आणि प्रश्न विचारणारी व्यक्ति सरकारची होती!

याचें एकच उदाहरण विस्तारानें देतों, कारण तें सर्व वादाचा गाभा आहे. साउथ कॅरोलायना राज्यांतील चार्ल्स्टन शहरीं सुसान हॅमलिन नांवाची एक वृद्धा राहत असे. आपण शंभरी ओलांडली असें ती सांगे. तिची मुलाखत योजनेच्या दोन सेवकांनीं निरनिराळ्या वेळीं घेतली. एक जेसी बटलर, ही गोरी बाई. दुसरे ऑगस्टस लॅडसन, हे कृष्णवर्णीय गृहस्थ. दोन्ही कथनें दप्तरांत शिल्लक आहेत. बटलरबाईंच्या कागदांत धनी भला माणूस आहे, मालकिणीचें घराणें थोर आहे, गुलामांना अन्नवस्त्राची ददात नाहीं. लॅडसन यांच्या कागदांत तीच वृद्धा चाबकांविषयीं बोलते. आणि आई, बाप, भाऊ, बहीण यांना कांहीं न सांगतां विकून टाकीत, त्यामुळें शहरांत रात्रंदिवस कोणाचा ना कोणाचा आक्रोश कानीं येई, हें सांगते. तीच स्त्री, तेंच आयुष्य, तोच धनी!

यांतलें खरें कोणतें, असा प्रश्न करून लॅडसन यांच्या बाजूनें निकाल देणें सोपें आहे, आणि घटनांपुरता तो निकाल बरोबरहि आहे. पण टीकाकाराचें काम एवढ्यानें संपत नाहीं. बटलरबाईंविषयीं आणखी एक गोष्ट ज्ञात आहे. या बाई साहाय्य-कचेरींतून आल्या आहेत, अशी सुसान हॅमलिन यांची समजूत झाली होती. आतां तें कथन पुन्हां वाचावें. गरिबांना मदत देणाऱ्या सरकारची प्रतिनिधि दारांत उभी आहे; ती गोरी आहे; तिनें जुन्या धन्यांबद्दल विचारलें आहे; आणि हिच्या एका शब्दावर महिन्याचे डॉलर अवलंबून असण्याचा संभव आहे. या परिस्थितींत शंभरी गांठलेल्या बाईनें जें सांगितलें तें खोटें नव्हे. ती तिची रोजची व्यवहारनीति होती, आणि ती गुलामगिरींतच शिकलेली होती. बटलरबाईंना गुलामगिरीची आठवण मिळाली नाहीं, गुलामगिरीचें प्रात्यक्षिक मिळालें. तें त्यांना ओळखतां आलें नाहीं.

टीकाकारांचा ठराविक सिद्धान्त मला अपुरा वाटतो तो येथें. सरकारी वेतनानें लेखक मिंधा होईल अशी सर्वांना भीति होती. लेखक फारसा मिंधा झाला नाहीं. मिंधी झाली ती साक्षीदार. ज्या दशकांतील उदार योजनांनीं तिची आठवण लिहून घेण्याची सोय केली, त्याच दशकांतील उदार योजनांच्या आशेनें तिची जीभ बांधली गेली. आणि हेंहि तितकेंच खरें कीं, त्या योजना नसत्या तर बटलरबाईहि आल्या नसत्या आणि लॅडसनहि आले नसते. सुसान हॅमलिन यांचा एकहि शब्द आपल्याला मिळाला नसता. ही अडचण सरकारला शिव्या देऊन सुटणारी नाहीं, आणि सरकारच्या आरत्या ओवाळूनहि नाहीं.

योजनेंतील सर्वांनाच ही अडचण दिसत नव्हती असें मात्र नव्हे. तिच्यांतील कृष्णवर्णीयांविषयींच्या विभागाचे संपादक स्टर्लिंग ब्राउन हे स्वतः चांगले कवि होते. मुलाखती लिहिणाऱ्यांनीं बोलीचे उच्चार वेडेवांकडे लिहून दाखविण्यापेक्षां तिची वाक्यरचना आणि म्हणण्याची ढब जपावी, अशी सूचना त्यांनीं दिली होती. या सूचनेंतील मर्म मराठी लेखकानें विशेष ध्यानीं घ्यावें. आपल्या कथाकादंबऱ्यांत खेडुताच्या तोंडीं चार ‘व्हय’ आणि चार ‘न्हाई’ घातले कीं बोली साधली असें मानणारे लेखक अद्याप कमी झालेले नाहींत. अक्षरें मोडलीं म्हणजे माणूस उभा राहत नाहीं. उलट, मोडक्या अक्षरांतून मोडका माणूसच वाचकाला दिसूं लागतो, आणि लिहिणारा मात्र शुद्ध राहतो. या संग्रहांतील पुष्कळशीं कथनें या दोषानें बिघडलीं आहेत, आणि तीं वाचतांना लेखकाच्या खोडसाळ लेखनाआडून बोलणाऱ्याचा मूळ स्वर ओळखण्याचा कंटाळवाणा उद्योग वाचकाला करावा लागतो.

जेथें कृष्णवर्णीय सेवकांचें स्वतंत्र पथक होतें तेथें निराळें चित्र दिसतें. व्हर्जिनिया राज्यांत रॉस्को लुइस यांच्या नेतृत्वाखालीं असें पथक काम करीत होतें. त्याच्या श्रमांतून ‘द नीग्रो इन व्हर्जिनिया’ हा ग्रंथ १९४० सालीं निघाला. योजनेच्या साऱ्या पुस्तकांत एकच निवडावयाचें झालें तर मी हें निवडीन. फ्लॉरिडांत झोरा नील हर्स्टन होत्या. कादंबरीकार म्हणून त्यांचें नांव योजनेंत येण्यापूर्वींच झालें होतें, तरी त्यांना तेथें मिळालेलें स्थान त्या कीर्तीला शोभेल असें नव्हतें. ज्याला ऐकतां येतें त्याला खालीं बसवावें आणि ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला दुरुस्त्यांची लाल पेन्सिल द्यावी, ही कचेऱ्यांची जगभरची रीत आहे.

आपल्या मराठी वाचकाला हें सर्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हां ती त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या वर्षीं सुसान हॅमलिन मुक्त होऊन आठ वर्षें झालीं होतीं. ज्यांच्या मुक्ततेचा गौरव पुण्यांत बसून एका माणसानें केला, तीं माणसें अद्याप चार्ल्स्टनमध्यें जिवंत होतीं आणि त्यांना कोणी कांहीं विचारलें नव्हतें. याच पुस्तकांत जोतीरावांनीं दुसरीहि एक हकीकत सांगितली आहे. १८५५ सालीं त्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. ही कमिटी म्हणजे पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी सरकारी व्यवस्था. कमिटींतील भटसभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं आणि नाटक नापसंत झालें, असें जोतीराव लिहितात. पैसा सरकारचा होता आणि हेतूहि वाईट नव्हता. पण सरकार आणि लेखक यांच्या मध्यें जो माणूस बसला होता त्याला त्या नाटकांतलें ऐकावयाचें नव्हतें. चार्ल्स्टनच्या त्या दारांतहि हेंच घडलें; फरक इतकाच कीं जोतीरावांना आपली हकीकत स्वतः लिहितां येत होती.

स्वतः लिहितां आलें म्हणजे ही अडचण संपते, असें कोणी म्हणेल. आपल्याकडील दलित आत्मकथनांचा दाखलाहि देईल. परंतु १९७८ सालीं प्रसिद्ध झालेलें दया पवार यांचें ‘बलुतं’ उघडून पहावें. तेथें दगडू मारुती पवार हा माणूस आपली कहाणी दया पवार या शिकल्यासवरल्या लेखकाला सांगतो आहे. दोघे एकच, तरी एकानें सांगावयाचें आणि दुसऱ्यानें ऐकावयाचें, अशी विभागणी लेखकाला करावी लागली. मुलाखतकार दारांत नसला तरी तो मनाच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. आपल्या बायकांनीं पहाटेच्या अंधारांत आपलें दुःख जात्यालाच सांगितलें, याचें कारण मला आतां अधिक स्पष्टपणें कळतें. जातें कोणाचा पगार घेत नाहीं.

राल्फ एलिसन यांनीं या योजनेसाठीं हार्लेममध्यें दारोदार फिरून लोकांचीं बोलणीं टिपून घेतलीं. १९३८ च्या जूनमध्यें लिओ गर्ली नांवाच्या गृहस्थानें त्यांना साउथ कॅरोलायनांतील एका पठ्ठ्याची गोष्ट सांगितली. हा पठ्ठ्या वाटेल तेव्हां अदृश्य होत असे, आणि त्यामुळें गोऱ्यांच्या हातीं कधीं लागत नसे. सांगणाराहि कृष्णवर्णीय, ऐकणाराहि कृष्णवर्णीय. त्या कथनांत धन्याची स्तुति नाहीं, साहाय्य-कचेरीची आशा नाहीं, आणि हशा मात्र भरपूर आहे. चौदा वर्षांनीं, १९५२ सालीं, एलिसन यांची ‘इन्व्हिझिबल मॅन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा निवेदकहि स्वतःला अदृश्य म्हणवितो, पण त्याला कोणी पाहूं इच्छीत नाहीं म्हणून. एका गोष्टीवरून दुसरी निघाली असें म्हणण्याइतका मी धीट नाहीं. कादंबरी कोणी मागितली नव्हती. टिपणाचा पगार मात्र दिला होता.

हीं कथनें २००१ सालापासून कांग्रेसच्या ग्रंथालयानें सर्वांना वाचावयास खुलीं केलीं आहेत. ज्या वाचकास तीं पहावयाचीं असतील त्यानें साउथ कॅरोलायनाच्या खंडापासून आरंभ करावा. सुसानबाईंचीं दोन्ही कथनें तेथें आहेत. पण त्यांवर आडनांव एकच नाहीं. बटलरबाईंच्या कागदावर तें हॅमलिन आहे, लॅडसन यांच्या कागदावर हॅमिल्टन. तीं शोधून शेजारीं शेजारीं ठेवावीं. आधीं बटलरबाईंचें वाचावें, मग लॅडसन यांचें, आणि त्यानंतर पुन्हां एकदां बटलरबाईंचें.